गोव्याला मताचा हक्क आयता मिळाला काय?

तांबडी माती

गोव्याच्या क्रांतिदिनानिमित्त आमच्या गावच्या वाचनालयात व्याख्यान झाले. गोमंतकीयांनी मतदानाचा हक्क झगडून मिळवला, या वक्त्यांच्या वाक्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. वक्ते वयाने आणि व्यासंगाने माझ्याहून मोठे असल्यामुळे सभेत उठून बोलणे मला प्रशस्त वाटले नाही. परंतु ते वाक्य मला पटलेले नाही, आणि का पटलेले नाही ते या धाग्यावर मांडतो.

गोमंतकीय झगडले ते परकी सत्ता घालवण्यासाठी. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी मागितले ते सभेचे आणि भाषणाचे स्वातंत्र्य. लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागत असे, अशा राजवटीत ती मागणी लहान नव्हती. परंतु प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला एक मत मिळावे, एवढ्याच मागणीसाठी गोव्यात चळवळ झाल्याचे माझ्या वाचनात नाही. ते काम उर्वरित भारतात आधीच झालेले होते. डॉ. आंबेडकरांनी १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. नेहरू अहवालातही तीच मागणी होती. १९३५ च्या कायद्याने मात्र साधारण तीन कोटी लोकांनाच मत मिळाले. पुढे घटना समितीने अनुच्छेद ३२६ लिहिला आणि १९५१-५२ च्या निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक नावे यादीत आली. आम्ही डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झालो, मार्च १९६२ मध्ये गोव्याला भारतीय संघराज्यात सामावणारी बारावी घटनादुरुस्ती झाली, ऑक्टोबरमध्ये पंचायतींचे मतदान झाले आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी विधानसभेचे. इंग्लंडमध्ये १८३२ पासून १९२८ पर्यंत जे कायद्यामागून कायदे करून जमले, ते आम्हाला दोन वर्षांत आणि एकही अर्ज न करता मिळाले.

याचा परिणाम असा झाला की हक्क हाती आला, पण त्यामागचे तत्त्व गळी उतरले नाही. ज्या संस्थांना घटनेतील मताधिकार लागू होत नाही, त्या कोमुनिदादी (गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्था) आणि देवस्थानांचे महाजन मंडळ (देवळाच्या वंशपरंपरागत हक्कदारांचे) यांत आपण अजून जुन्याच पद्धतीने बसतो, आणि त्यात काही वावगे आहे असे फारसे कोणाला वाटतही नाही.

जुने दप्तर

आपल्या मांडणीत तारखा बरोबर आहेत, मात्र तिची सुरुवात १९४६ पासून होते हा तिचा दोष आहे. गोवा निवडणूक पाहत होता ती भारतातील कोणत्याही प्रांताच्या आधीपासून. पोर्तुगालमधील १८२० च्या उदारमतवादी क्रांतीनंतर १८२२ मध्ये गोव्याने लिस्बनच्या संसदेसाठी तीन प्रतिनिधी निवडले, त्यांपैकी बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा आणि कोंस्तांसियु रोक द कोस्ता हे दोघे गोमंतकीय होते. १८६० मध्ये निवडून गेलेले फ्रांसिश्कु लुईश गोमिश तर त्या संसदेत आपल्या वक्तृत्वाने गाजले.

हे मतदान सर्वांचे नव्हते. उत्पन्न, कर आणि साक्षरता यांच्या अटींतून जे गाळून उरत, त्यांचेच ते होते, हे मी आपण म्हणण्याआधीच मान्य करतो. तरीही मतपेटी ही वस्तू गोव्यात १९६२ साली लष्कराच्या ट्रकमधून आली, असे चित्र उभे करणे इतिहासाला धरून नाही. २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगावात नगरपालिकेच्या निवडणुकीवरून जमलेल्या लोकांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. सरकारने आपल्या बाजूचा निकाल लावून घेऊ नये, हाच त्या भांडणाचा गाभा होता. आपल्या वक्त्यांनी 'झगडून' हा शब्द वापरला तेव्हा त्यांच्या मनात काय होते ते मला ठाऊक नाही, पण त्या मैदानावर पडलेल्यांना 'आयते' हा शब्द ऐकवणे मला जमणार नाही.

पोर्तुगालमध्ये १९१० साली आलेल्या प्रजासत्ताकाने हिंदूंना कायद्याने समान नागरिक मानले, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत शाळा, वृत्तपत्रे व संस्था कशा उभ्या राहिल्या हे आपण जाणता. पोर्तुगालचा पुढचा हुकूमशहा सालाझार याने १९३० मध्ये वसाहतविषयक कायदा आणून ते दार लावले, तेव्हा लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. म्हणजे १९४६ ची मागणी आकाशातून पडलेली नव्हती; जे थोडेफार होते ते हिरावून घेतले गेले होते आणि ते परत हवे होते.

तांबडी माती

१८९० चा उल्लेख माझ्याकडून राहिला, हे मान्य. परंतु त्या दिवशी मैदानावर दोन्ही बाजूंनी उभे असलेले पक्ष कोणाचे होते? सासष्टीतील शिकल्या-सवरल्या, जमीनजुमला असलेल्या घराण्यांचे. ज्याच्या शेतात भात पिकत होते त्याला मत असावे, असे इंडियानु पक्षही म्हणत नव्हता आणि उल्त्रामार पक्षही नाही. आपण ज्याला दार म्हणता, त्यातून आमच्या वाड्यावरचा एकही माणूस कधी आत गेलेला नव्हता, तेव्हा ते १९३० मध्ये लागले याचे दुःख त्याला का व्हावे?

मुंडकाराची नात

दोघांचेही लिखाण वाचले. दोघेही राजधान्यांकडे पाहत आहेत, एक लिस्बनकडे आणि दुसरे दिल्लीकडे. मी आमच्या अंगणातले सांगते.

माझी आजी फोंडे महालातील एका भाटकाराच्या (जमीनदाराच्या) भाटात, म्हणजे बागायतीत, मुंडकार म्हणून राहत असे. घर आमचे, जमीन त्यांची; पडवीला एक खांब वाढवायचा तर आधी विचारावे लागे. १९६३ च्या डिसेंबरमध्ये नारळांचा पाडा होता. पाडेली माडावर, आजी खाली नारळ गोळा करून ढीग लावते आहे आणि भाटकाराचा मुकादम वही घेऊन मोजणी करतो आहे. मोजता मोजता, वहीतून मान वर न काढता त्याने विचारले, शिक्का कशावर मारायचा ते ठाऊक आहे ना? आजी म्हणाली, ठाऊक आहे. त्याने चिन्हाचे नाव घेतले. आजी पुन्हा म्हणाली, ठाऊक आहे. त्या ढिगातून घरच्या वापरासाठी नेहमी जे चार नारळ मिळत, ते त्या दिवशी आठ मिळाले.

मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावून घेताना तिला भीती वाटली ती शाईची नव्हे, मुकादम बाहेर उभा होता त्याची. पडद्याआड ती किती वेळ उभी राहिली हे तिलाच ठाऊक. मागच्या बाईने हाक मारली तेव्हा बाहेर आली. कोणाला मत दिले ते तिने आजोबांनाही सांगितले नाही, आणि आम्हा नातवंडांनी म्हातारपणी पुष्कळ खोदून विचारले तेव्हा, "आठ नारळ मात्र गोड होते," एवढेच म्हणाली.

निकाल काय लागला हे येथे सर्वांना ठाऊक आहे. तीस जागांच्या सभागृहात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगो) चौदा, युनायटेड गोवन्सला बारा, आणि ज्यांना सत्ता आपल्याचकडे येणार असे वाटत होते त्या काँग्रेसला गोव्यात एकही नाही, फक्त दमणची एक. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, १९६४ मध्ये कूळ कायदा आला आणि १९७५ मध्ये, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, मुंडकारांना घरातून काढता येऊ नये असा कायदा झाला. तांबडी माती यांना मी एवढेच विचारते, की पडद्याआडची ती दोन मिनिटे आपण कोणत्या खात्यात टाकता, झगड्याच्या की आयत्याच्या?

एक भर घालते. पोर्तुगालमध्ये १९११ साली कारोलिना बियात्रिस आंजेलु या विधवा डॉक्टर बाईने कुटुंबप्रमुख या कलमाचा आधार घेऊन मत दिले; दोन वर्षांत कायद्यात 'पुरुष' हा शब्द घालून ती फट बुजवली गेली. १९३१ मध्ये मत मिळाले ते माध्यमिक शिक्षण झालेल्या स्त्रियांना. कोणतीही अट न लावता सर्व पोर्तुगीज स्त्रियांना मत मिळाले ते १९७४ च्या क्रांतीनंतर, आणि त्यांनी ते बजावले २५ एप्रिल १९७५ रोजी. माझी निरक्षर आजी त्यांच्या अकरा वर्षे पुढे होती.

जुने दप्तर

ताई, आपल्या आजीपुढे माझी सगळी दप्तरे फिकी आहेत. शेवटच्या परिच्छेदातील तुलना माझ्या लक्षात कधीच आली नव्हती.

पेडणे ते काणकोण

चर्चा १९६३ वर थांबली तर अर्धीच राहील. गोमंतकीयांनी मतासाठी खरोखर जे भांडण केले ते १९६५-६६ मध्ये, आणि ते 'मत कोणाला' यापेक्षा 'मत कशावर' याचे होते. गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचा निर्णय विधानसभेतील बहुमताने घ्यावा, असा मगोचा आग्रह होता. युनायटेड गोवन्सचे नेते डॉ. जॅक सिक्वेरा आणि त्यांचे सहकारी यांचे म्हणणे असे, की आमदार पाच वर्षांसाठी राज्य चालवायला निवडलेले आहेत, गोव्याचे अस्तित्व ठेवावे की नाही हे ठरवायला नव्हेत. ते लोकांना थेट विचारा. संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकर सरकारने राजीनामा दिला, आणि १६ जानेवारी १९६७ रोजी फूल (विलीनीकरण) की दोन पाने (वेगळा गोवा) एवढाच प्रश्न मतपत्रिकेवर आला. आमच्या घरातील सगळी मते फुलाला पडली होती आणि मला त्याची लाज नाही. आम्ही हरलो ते १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१ असे, म्हणजे ३४,०२१ मतांनी. दोनच महिन्यांनी निवडणूक झाली तेव्हा त्याच लोकांनी मगोला पुन्हा निवडून दिले. राज्य भाऊंनी करावे पण गोवा गोवाच राहावा, असा दुहेरी निवाडा देणाऱ्या मतदाराला हक्काचे तत्त्व कळले नव्हते, असे म्हणायला धाडस लागते.

धोबीतलावचा गोंयकार

त्या निवाड्यात आम्हाला का घेतले नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. त्या काळी मुंबईच्या कुडींमधून (गोमंतकीयांच्या सामायिक वसतिगृहांतून) राहणारे आमचे तारवटी, म्हणजे जहाजावरचे खलाशी, आणि खानसामे पगार गावी पाठवत, फेस्ताला गावी येत आणि मरायला गावीच येत. त्यांचे घर, त्यांचे दफन, त्यांचे देऊळ किंवा इगर्ज (चर्च) गोव्यात. परंतु गोव्याचे काय व्हावे हे विचारले तेव्हा त्यांना दाराबाहेर ठेवले. बाहेरच्या गोमंतकीयांना मत द्या, ही मागणी तेव्हाच झाली होती आणि ती फेटाळली गेली. याउलट प्रतिनियुक्तीवर महाराष्ट्रातून आलेला कारकून, ज्याला साखळी कुठे आणि सांगे कुठे हे नकाशात शोधावे लागे, त्याचे नाव यादीत असेल तर त्याचे मत चालत होते. मताचा हक्क रहिवासावर द्यायचा की नात्यावर, हा प्रश्न तेव्हा सोयीने सोडवला गेला.

पेडणे ते काणकोण

सोयीने नव्हे, नियमाने. मतदार म्हणजे त्या मतदारसंघातील सर्वसाधारण रहिवासी, ही व्याख्या साऱ्या देशाला लागू होती, तिच्यात गोव्यापुरता अपवाद कशाच्या बळावर करणार? शिवाय नाते मोजायचे ठरवले असते तर कोठवर मोजायचे, हे सांगा. कराची, नैरोबी, लिस्बन येथील गोमंतकीयही नातेवाईकच होते. जो माणूस येथील पावसात छपराची कौले बदलतो, येथील पंचायतीत खेपा घालतो, त्याच्यावर निर्णयाचा परिणाम रोज होतो. त्याचे मत आणि सणाला येणाऱ्याचे मत यांत फरक असलाच पाहिजे. कारकुनाबद्दलची आपली चीड समजू शकतो, परंतु आज ओडिशातून येऊन वास्कोत वीस वर्षे राहिलेल्या मजुरालाही त्याच न्यायाने गाळावे लागेल.

धोबीतलावचा गोंयकार

मजुराला गाळा असे मी म्हटलेले नाही. त्याला घ्या आणि आम्हालाही घ्या, असे म्हणतो. कौले बदलायचे पैसे कोठून येत होते, याचा विचार आपण सोयीने टाळलात.

कायद्याचा किडा

या धाग्यावर 'हक्क' हा शब्द फार सैल वापरला जात आहे म्हणून थोडे खुलासेवार लिहितो. अनुच्छेद ३२६ प्रौढ मताधिकाराचे तत्त्व सांगतो, परंतु प्रत्यक्ष मत देण्याचा अधिकार हा कायद्याने दिलेला अधिकार आहे, मूलभूत नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५२ च्या पोन्नुस्वामी प्रकरणापासून २००६ च्या कुलदीप नायर निकालापर्यंत वारंवार म्हटले आहे. तुरुंगातील कैद्याला आजही मत देता येत नाही, मग तो खटला सुरू असलेला कच्चा कैदी का असेना. वयाची अट २१ वरून १८ वर आली ती १९८९ मध्ये, एकसष्टाव्या दुरुस्तीने, आणि त्यासाठीही कोणी लाठ्या खाल्ल्याचे मला आठवत नाही. मागितल्याशिवाय मिळालेला हक्क हलका ठरतो, हे तांबडी माती यांचे गृहीतक म्हणूनच मला तपासण्यासारखे वाटते. १९५१-५२ च्या यादीत उत्तरेकडील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली, कारण त्या अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगत. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी, स्वतःचे नाव नसेल तर नोंद नाही, असा नियम धरला. त्यांपैकी पुष्कळजणी पुढच्या निवडणुकीत नावासह आल्या. हक्क आधी आला आणि नाव सांगण्याचे बळ नंतर आले, असाही क्रम असू शकतो.

कोमुनिदादीबाबत मात्र त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. १५२६ मध्ये पोर्तुगीज अधिकारी अफोंसु मेशिया यांनी गावकारीच्या (आजच्या कोमुनिदादींच्या) चालीरीती लिहून काढल्या तेव्हाही गावकारकी, म्हणजे तिचे सभासदत्व, पुरुष वंशजांकडे जात होती आणि १९६१ च्या संहितेतही ती तशीच राहिली. मुलगा गावकार होतो, त्याची सख्खी बहीण होत नाही. घटना लागू होऊन इतकी वर्षे झाली, त्या सभेतील हजेरीपट मात्र जुनाच आहे.

वांगडातला गावकार

मी गावकार आहे, सभेला जातो, आणि वरील टीका ऐकून घेण्याची सवय झाली आहे. कोमुनिदाद ही सरकार नव्हे. ती गावच्या मूळ वसाहतकारांची सामायिक मालमत्ता सांभाळणारी संस्था आहे. बांध दुरुस्त करणे, मानशीचे (खाडीचे पाणी अडवणारे) दरवाजे सांभाळणे, शेतांची पावणी (लिलाव) करणे ही तिची कामे. एखाद्या कुटुंबाच्या भागीदारीत बाहेरच्याला मत नसते, म्हणून कोणी लोकशाही धोक्यात आल्याचे म्हणत नाही. मुलींचे लग्न होऊन त्या दुसऱ्या गावी जातात, तेव्हा एका घराला दोन गावांत मत पडेल ही व्यावहारिक अडचण कोणी लक्षात घेत नाही. सभेला गणसंख्या पुरी करण्यासाठी आम्हाला घरोघर फोन करावे लागतात. हक्काबद्दल एवढी कळकळ असणाऱ्यांनी एकदा येऊन बांधावरची खाजण माती पाहावी.

मुंडकाराची नात

वांगडातले बाब, मालमत्ता म्हणून कोमुनिदाद खाजगी आणि जमीन देताना ती गावाची, असे दोन्ही बाजूंनी बोलता येणार नाही. डोंगरावरची जमीन कशासाठी द्यायची हे आपली सभा ठरवते, तेव्हा परिणाम माझ्या विहिरीवर होतो. लग्नाची अडचण म्हणाल तर, ज्या मुली लग्न न करता याच गावात राहिल्या, शेत कसले, आईवडिलांना पाहिले, त्यांना तरी सभेत बसू द्या, आणि उरलेल्यांचा हिशेब मग करू. तसेच पुरुषही नोकरीसाठी गाव सोडतो. त्याची झोण (कोमुनिदादीच्या नफ्यातील वाटा) मात्र वर्षाकाठी घरपोच येते, तेव्हा दोन गावांचा प्रश्न कोणाला पडत नाही. गणसंख्या भरत नाही ही तक्रार आपणच केलीत, आणि तिचा उपाय आपल्याच घरात, मागच्या पडवीत बसलेला आहे.

सांगेकर

बाधित म्हणजे कोण, या वादात आमचा उल्लेखही आला नाही, म्हणून लिहितो. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमाती म्हणून मान्यता मिळाली ती २००३ मध्ये. २०११ च्या जनगणनेत आम्ही जवळपास दीड लाख, म्हणजे राज्याच्या दहा टक्क्यांहून अधिक. आणि चाळीस जणांच्या विधानसभेत आमच्यासाठी राखीव जागा शून्य. अनुसूचित जातींची संख्या आमच्या पावपटीहूनही कमी असताना त्यांच्यासाठी पेडण्याची जागा राखीव आहे, आणि ती असलीच पाहिजे. प्रश्न आमच्या शून्याचा आहे. त्यासाठी निवेदने दिली, मोर्चे काढले, न्यायालयात गेलो, आणि संसदेने विधेयक मंजूर केले ते ऑगस्ट २०२५ मध्ये. तांबडी माती यांना झगडून मिळवलेला हक्क पाहायचा असेल तर त्यांनी लिस्बन आणि दिल्ली दोन्ही सोडून केप्याच्या पुढे यावे.

तांबडी माती

सांगेकर यांचे म्हणणे मान्य. मुंडकाराची नात यांच्या प्रश्नाचे उत्तर मी चार दिवस टाळले, कारण ते माझ्या शीर्षकाच्या विरुद्ध जाते. हक्क आयता आला, पण तो वापरण्याची किंमत आजीने रोख मोजली, एवढे मी दुरुस्त करून घेतो. कोमुनिदाद आणि देवस्थान यांविषयी मात्र माझे मत पूर्वीचेच आहे. आमच्या देवळात बहुतेक देवळांप्रमाणेच महाजनकी मुलाकडून मुलाकडे जाते, आणि पालखीची सगळी तयारी करणाऱ्या बायका सभेच्या दिवशी चहा देण्यापुरत्या आत येतात.

धोबीतलावचे गोंयकार यांच्यासाठी एक गोष्ट जोडतो. माझ्या मावसभावाने आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज नागरिकत्व घेतले. त्याबरोबर भारतीय नागरिकत्व गेले आणि मतदारयादीतील नावही गेले. आता ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या) तो याच गावात राहतो, कौले स्वतः बदलतो, पंचायतीत खेपा घालतो आणि पंचाला मत देऊ शकत नाही. मागच्या वेळी त्याच्या नावाने लिस्बनहून एक जाड लिफाफा आला. आत पोर्तुगालच्या संसदेची मतपत्रिका होती, 'युरोपबाहेरील' मतदारसंघाची, ज्यातून दोन प्रतिनिधी निवडले जातात. पोर्तुगीज त्याला वाचता येत नाही. खूण कोठे करायची हे विचारायला तो माझ्याकडे आला होता.

जुने दप्तर

मग कोठे करायला सांगितलीत?

तांबडी माती

सांगितले नाही. लिफाफा अजून त्याच्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे, आणि मुदत टळून गेली.